मुदत संपलेली किल्ली

२०२५ च्या एप्रिलमध्ये काली लिनक्स वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल की १८ तारखेच्या शुक्रवारनंतर एकही अपडेट आलेलं नाही. संगणकांची सुरक्षा तपासणं हाच ज्यांचा व्यवसाय, अशा लोकांसाठी काली बनवलेली आहे आणि तिच्याकडे नव्या पॅकेजांचा ओघ अखंड चालू असतो. त्यामुळे ही शांतता साधी नव्हती. २८ एप्रिलला कालीच्या चमूने खुलासा केला. ज्या खासगी किल्लीने ते आपल्या भांडारावर, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यावर, सही करत होते, ती त्यांच्या हातून गेली होती. कुणी चोरली नव्हती, पण तिच्यापर्यंत आता त्यांना स्वतःलाही पोहोचता येत नव्हतं. नवी किल्ली त्यांनी तयार केली, मात्र जगभरातल्या काली यंत्रांना तिची ओळख नव्हती. येत्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक यंत्राचं अपडेट अडेल, चूक सर्वस्वी आमची आहे, आणि नवी किल्ली प्रत्येकाने स्वतःच्या हाताने आणून बसवावी लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हीच नवी किल्ली अपडेटमधून का पाठवली नाही, हा प्रश्न इथे कुणालाही पडेल. तसं करता आलं नसतं, कारण ते अपडेट खरं आहे हे पटवायला जुन्या किल्लीची सही लागली असती आणि नेमकी तीच हरवली होती. या प्रकरणात जे काही सांगायचं आहे ते या एका अडचणीभोवती फिरतं. लिनक्सचं यंत्र नव्या किल्लीवर विश्वास ठेवतं ते जुन्या किल्लीच्या शब्दावर. ही साखळी तुटली की विश्वास पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो, आणि तेव्हा हात माणसाचाच लागतो.

आधी ही सही म्हणजे काय ते पाहू. आपण टर्मिनलमध्ये अपडेटची आज्ञा देतो तेव्हा यंत्र कुठल्या तरी मिररकडे जातं. मिरर म्हणजे मूळ भांडाराची हुबेहूब प्रत ठेवणारा संगणक. तो आयआयटी कानपूरमध्ये असेल, जर्मनीत असेल, एखाद्या इंटरनेट कंपनीच्या तळघरात असेल. तो चालवणारा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरकांच्या पद्धतीत म्हणून विश्वास मिररवर ठेवतच नाहीत. यंत्र प्रथम 'इनरिलीज' नावाची एक छोटी फाइल उतरवून घेतं. तिच्यात पॅकेजांच्या याद्यांचे हॅश असतात. हॅश म्हणजे फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी पूर्ण पालटणारी लांबलचक संख्या. त्या यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. आणि मूळच्या इनरिलीजवर वितरकाची सही असते. म्हणजे हजारो पॅकेजांवर वेगवेगळ्या सह्या नाहीत. सही वरच्या एका कागदावर, आणि त्या कागदाने खालच्या सगळ्याला बांधून ठेवलेलं.

शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो. जुन्या मराठी पत्रांत शिक्का वरच्या बाजूला उमटे आणि मोर्तब मजकुराच्या शेवटी, नंतर कुणी एखादी ओळ खाली घुसडू नये म्हणून. इनरिलीजमधली सही हे दोन्ही करते: कागद कुणाचा ते सांगते आणि मजकूर कुठे संपला तेही पक्कं करते.

सहीमागची कल्पना १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडली. किल्ल्यांची एक जोडी असते. खासगी किल्ली सही करते आणि ती कुणाला दाखवायची नसते. सार्वजनिक किल्ली सही तपासते आणि ती गावभर वाटली तरी चालते. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी नावाच्या प्रोग्राममधून हे सामान्य माणसाच्या संगणकावर आणलं. वर्नर कोख यांनी त्याच धर्तीवर केलेला मुक्त ग्नूपीजी १९९९ मध्ये पहिल्या पूर्ण आवृत्तीला पोहोचला. डेबियनच्या अपडेटमध्ये सह्या तपासण्याची पद्धत २००७ च्या चौथ्या आवृत्तीपासून रुळली. आपला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथे किल्लीला मान्यता देणारी साखळी सरकारी आहे.

आता मुदतीकडे वळू. गणिताला तारीख कळत नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही खासगी किल्ली आदल्या दिवसाइतकीच निर्दोष सही करते. मुदत ही सार्वजनिक किल्लीला जोडलेली एक चिठ्ठी असते: 'अमुक तारखेपर्यंत मला ग्राह्य धरा.' ही चिठ्ठी किल्लीच्या मालकाने त्याच किल्लीने सही करून लावलेली असते. म्हणून तो ती कधीही बदलू शकतो, मुदत उलटून गेल्यावरसुद्धा. किल्ली तीच, तिची ओळख पटवणारा ठसाही तोच, चिठ्ठी तेवढी नवी.

एवढी एक गोष्ट समजली तर निम्म्या वेळा होणारी घबराट टळेल. 'किल्लीची मुदत संपली' हा संदेश दिसतो तेव्हा पुष्कळदा मालकाने मुदत कधीच वाढवलेली असते आणि आपल्या यंत्रातली प्रत तेवढी जुनी राहिलेली असते. अशा वेळी नवी किल्ली लागत नाही. त्याच किल्लीची ताजी प्रत आणली की काम होतं.

मग ही मुदत घालायचीच कशाला? कारण चोरी झाली, किल्ली रद्द झाली, ही बातमी प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचवण्याची खात्रीची सोय नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या संगणकांत घुसखोर शिरले आणि त्यांनी ओपनएसएसएचच्या काही थोड्या पॅकेजांवर कंपनीची सही मिळवली. ओपनएसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याचं दार. खऱ्या सहीचं खोटं दार, याहून वाईट काय असणार? त्याच सुमारास फेडोराच्या सही करणाऱ्या यंत्रातही घुसखोरी झाली. तिथे किल्ली फोडली गेल्याचा पुरावा सापडला नाही, तरी फेडोराने किल्ल्या बदलल्या. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. चोरीचा संशय असेल तर कुलूप बदलायचं, पुराव्याची वाट पाहत बसायचं नाही. मुदत ही त्याच सावधपणाची आगाऊ तजवीज आहे. किल्ली सांभाळणारा माणूस उद्या नसेल, प्रकल्प बंद पडेल, चोरी कुणाच्या लक्षातच येणार नाही. या सगळ्या शक्यतांत मुदत संपताच यंत्रांमधली त्या किल्लीची प्रत आपोआप निरुपयोगी होते. मालक जागेवर आहे का, हा प्रश्न ठरावीक काळाने विचारला जातो आणि उत्तर आलं नाही की दार बंद होतं.

याच जातीची एक मुदत इनरिलीज फाइललाही असते आणि तिच्यामागची गोष्ट सांगण्याजोगी आहे. २००८ मध्येच संशोधक जस्टिन कॅपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बनावट कंपनीच्या आणि बनावट व्यवस्थापकाच्या नावाने सर्व्हर भाड्याने घेतला आणि लिनक्स वितरकांकडे मिरर म्हणून नोंदवायला दिला. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, सेंटओएस आणि डेबियन, पाचांनीही तो यादीत घेतला. कॅपोस यांच्या गटाने कुणाचं नुकसान केलं नाही, पण दाखवायचं ते दाखवलं. लबाड मिररला खोटी सही करण्याची गरजच नाही. त्याने सहा महिन्यांपूर्वीची खरी, सही केलेली यादी देत राहायचं, बस. यंत्राला वाटतं नवीन काही आलेलंच नाही, आणि माहीत असलेली भगदाडं उघडी राहतात. म्हणून यादीवरही 'इथपर्यंतच ग्राह्य' अशी तारीख घालतात. डेबियनच्या सुरक्षा भांडारात ती साधारण आठवड्याभराची असते.

याचा अर्थ, तारखेवरून अडलं की दोन वेगळे आजार असू शकतात, किल्लीचा किंवा यादीचा. तिसराही आहे आणि तो सर्वांत आधी तपासावा: आपलं स्वतःचं घड्याळ. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की यंत्र कुठल्या तरी जुन्या सालात जागं होतं. रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीआधीच्या बोर्डांवर सेलवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली आणि नेट आलं नाही की त्याला आजची तारीख ठाऊक नसते. मग यंत्र म्हणतं, ही यादी अजून लागू झालेली नाही. घड्याळ पुढे पळालेलं असेल तर धडधाकट किल्लीही त्याला मुदतबाह्य वाटते. शाळांच्या संगणक कक्षांत जुनी यंत्रं लिनक्सवर चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कित्येकदा दुकानातला एक सेल हाच इलाज असतो.

घड्याळ बरोबर असेल तर संदेश नीट वाचायचा. ग्नूपीजीचे संकेतशब्द ओबडधोबड आहेत, पण नेमके आहेत. 'एक्स्पकीसिग' म्हणजे सही जुळते आहे, फक्त ती करणाऱ्या किल्लीची मुदत संपली आहे. 'नोपबकी' म्हणजे ही सार्वजनिक किल्ली तुमच्याकडे नाहीच. काली वापरणाऱ्यांवर आलेला प्रसंग या प्रकारचा. 'रेव्हकीसिग' म्हणजे मालकाने किल्ली स्वतःहून रद्द केली आहे, आणि इथे थांबून कारण शोधलंच पाहिजे. 'बॅडसिग' म्हणजे सही आणि मजकूर जुळत नाहीत. ते अर्धवट उतरलेल्या फाइलमुळेही होतं आणि कुणी मजकुरात हात घातल्यानेही. नव्या आवृत्त्यांत शब्दरचना बदलली आहे, भेद तेच आहेत. घाईत असलेला माणूस या चारही गोष्टींना 'सहीचा एरर' म्हणतो आणि चारही गोष्टींवर एकच औषध शोधतो.

ते औषध इंटरनेटवर कुठेही मिळतं. भांडाराच्या ओळीत 'ट्रस्टेड इज इक्वल टू येस' लिहा, आर्च लिनक्सच्या पॅकमनमध्ये सही तपासणीची पातळी 'नेव्हर' करा, फेडोराच्या डीएनएफला 'नो जीपीजी चेक' सांगा, किंवा संगणकाची तारीख मागे न्या. अपडेट धडाधडा उतरतं आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण त्याने केलं काय? पहारेकऱ्याने ओळखपत्र जुनं झाल्याचं सांगितलं म्हणून पहारेकऱ्यालाच घरी पाठवलं. शिवाय ही ओळ नंतर कुणी पुसत नाही. वर्षं उलटतात, यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात जातं, आणि तपासणी बंद आहे हे कुणाच्या गावीही नसतं. अपडेट ही यंत्रावरच्या सर्वोच्च अधिकाराने चालणारी गोष्ट आहे. त्या वाटेने आलेल्या कोणत्याही फाइलला सगळी दारं उघडी असतात. या एका बाबतीत मी कसलीही सवलत द्यायला तयार नाही.

उलट टोकाचीही चूक होते, आणि ती जास्त घडते असं मला वाटतं. मुदत संपलेली किल्ली भेटली की डेबियन-उबुंटूमध्ये अपडेट आणणारं ॲप्ट त्या भांडाराची नवी यादी नाकारतं आणि जुनी यादी घेऊन पुढे चालू लागतं. तसं ते एका ओळीत सांगतंही. पण बाकी सगळं सुरळीत चालतं. संकेतस्थळ उघडतं, छपाई होते, कुणाची तक्रार येत नाही. अपडेट आपोआप व्हावं अशी व्यवस्था केलेल्या सर्व्हरवर तर ती ओळ वाचायला समोर कुणी बसलेलंच नसतं. ती लॉगमध्ये रोज उमटते आणि रोज गाडली जाते. सुरक्षेची दुरुस्ती येऊनही मशीनपर्यंत न पोहोचणं, हे या साऱ्या प्रकारातलं खरं नुकसान आहे.

योग्य वाट फार लांबची नाही. बहुतेक वितरक आपल्या सार्वजनिक किल्ल्या एका पॅकेजमध्येच ठेवतात. डेबियनमध्ये ते 'डेबियन आर्काइव्ह कीरिंग', आर्चमध्ये 'आर्च लिनक्स कीरिंग'. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी नवी किल्ली या पॅकेजमधून, जुन्या किल्लीच्या सहीखाली, घरोघर पोहोचवली जाते. डेबियनची भांडार किल्ली साधारण आठ वर्षांची असते आणि प्रत्येक आवृत्तीला नवी मिळते, त्यामुळे नियमित अपडेट करणाऱ्याला किल्ली बदलल्याचं कळतही नाही. अडतं ते दीर्घकाळ झोपलेलं यंत्र. दोन वर्षं कपाटात पडलेला लॅपटॉप काढला, की मधली हस्तांतरणं त्याने पाहिलेली नसतात. आर्चमध्ये असं फार होतं, कारण तिथे पॅकेज बांधणारा प्रत्येक जण स्वतःच्या किल्लीने सही करतो आणि त्या किल्ल्यांच्या मुदती सतत हलत असतात. तिथे रीत अशी: आधी कीरिंगचं पॅकेज तेवढं ताजं करायचं आणि लगेच, मध्ये न थांबता, बाकीचं संपूर्ण अपडेट पूर्ण करायचं. अर्धवट अपडेट आर्चला सोसत नाही.

वितरकाच्या मुख्य भांडारापेक्षा त्रास जास्त येतो तो बाहेरून जोडलेल्या भांडारांचा. जेन्किन्स या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या भांडाराची किल्ली ३० मार्च २०२३ ला संपणार होती, त्यांनी दोन दिवस आधी नवी किल्ली वापरात आणली. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या किल्लीची मुदत २०२२ मध्ये संपली, पुढच्या किल्लीची २०२३ च्या डिसेंबरात. अशा वेळी नवी किल्ली त्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आणावी लागते, आणि आणल्यावर तिचा ठसा पडताळावा लागतो.

ठसा म्हणजे फिंगरप्रिंट, किल्लीवरून काढलेली चाळीस चिन्हांची ओळ. पूर्वी लोक तिची शेवटची आठ चिन्हं पाहून समाधान मानत. २०१४ मध्ये 'ईव्हिल ३२' या प्रकल्पाने दाखवून दिलं की साध्या ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत शेवटची आठ चिन्हं जुळणारी दुसरी किल्ली बनवता येते. २०१६ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाची, तीच आठ चिन्हं असलेली खोटी किल्ली सार्वजनिक किल्ली-सर्व्हरवर सापडली. म्हणून चाळीसच्या चाळीस चिन्हं जुळवावीत. कंटाळवाणं काम आहे, दोन मिनिटं लागतात.

आणि ती जुळवायची कशाशी? किल्ली ज्या पानावरून घेतली त्याच पानावरच्या ठशाशी जुळवून फारसं काही सिद्ध होत नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटचं संकेतस्थळ फोडून घुसखोरांनी उतरवून घेण्याची लिंकच बदलली आणि लोकांच्या हाती छुपं दार असलेली १७.३ आवृत्ती दिली. ज्याच्या हातात पान आहे तो त्या पानावरचा आकडाही बदलू शकतो. म्हणून दुसरी वाट हवी. आधीपासून नीट चालणारं दुसरं यंत्र, वितरकाच्या कीरिंग पॅकेजमधली प्रत, किल्ली-सर्व्हरवरची पण ओळखीच्या इतर किल्ल्यांच्या सह्या असलेली प्रत, किंवा ओळखीच्या कुणाकडची जुनी प्रतिष्ठापना, यांपैकी काहीही. कालीच्या लोकांनी हे जाणूनच नवी किल्ली अधिकृत स्थळाबरोबर उबुंटूच्या किल्ली-सर्व्हरवरही ठेवली. तिच्यावर चमूतल्या इतर सदस्यांच्या सह्या होत्या आणि पूर्ण ठसा त्यांनी जाहीर केला होता. जुनी किल्ली चोरीला गेलेली नव्हती, म्हणून ती त्यांनी संचातून काढलीही नाही. २०१८ मध्ये कालीच्याच किल्लीची मुदत संपून वापरणाऱ्यांना असाच त्रास झाला होता. चूक दोनदा घडली खरी, पण चूक लपवली नाही आणि उपाय नेमका सांगितला, याचं मोल मी कमी मानत नाही.

किल्ली आणल्यावर ती ठेवायची कुठे, हेही महत्त्वाचं. जुनी 'ॲप्ट-की' आज्ञा किल्ली एका सामाईक जुडग्यात टाकत असे. त्या जुडग्यातली कोणतीही किल्ली कोणत्याही भांडाराची हमी देऊ शके. म्हणजे गाणी ऐकण्याच्या प्रोग्रामसाठी घेतलेली किल्ली कर्नलवरही सही करू शकत होती. दूधवाल्याला दाराबाहेरच्या पिशवीपर्यंत येऊ द्यावं, तिजोरीपर्यंत नव्हे. आता प्रत्येक भांडाराची किल्ली वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात आणि भांडाराच्या नोंदीत 'साइन्ड बाय' लिहून ती फाइल नेमून देतात. आंतरजालावर अजूनही ॲप्ट-कीचे जुने सल्ले तरंगत असतात. तसा सल्ला दिसला की तो जुना समजावा आणि पुढे जावं.

एक अपवाद मान्य करायला हवा. आयुष्य संपलेल्या डेबियन आवृत्त्या जतन भांडारात राहतात. त्यांच्या याद्यांची मुदत उलटलेली असते, कित्येकांच्या किल्ल्यांचीही. जुन्या यंत्रसामग्रीसाठी किंवा अभ्यासासाठी त्या लागल्या तर तारखेची तपासणी तेवढी सोडता येते. सहीची तपासणी तिथेही ठेवावी आणि असं यंत्र उघड्या इंटरनेटला जोडू नये.

तुमच्याकडे लिनक्सचं एखादं यंत्र असेल, विशेषतः कोपऱ्यात निमूट चालणारा एखादा सर्व्हर, तर आज त्यावर अपडेटची आज्ञा हाताने द्या आणि शेवटच्या दहा ओळी शांतपणे वाचा. कुठलं भांडार वगळलं गेलंय का, जुनी यादी वापरली गेलीय का, ते पाहा. मग बसवलेल्या किल्ल्यांची यादी काढा आणि प्रत्येकीची मुदत एका कागदावर लिहून ठेवा. त्यांतल्या सर्वांत आधी येणाऱ्या तारखेच्या महिनाभर अगोदर दिनदर्शिकेत खूण करून ठेवा.